नानांचे प्रश्न, माझी उत्तरं

आमच्या कार्यालयात दोनच प्रकारचे दिवस असायचे. नानांचा प्रश्न आलेला दिवस आणि न आलेला दिवस. आलेल्या दिवशी साहेबांचा चहा गार व्हायचा, शिपाई कपाटातल्या जुन्या फायली काढता काढता शिंकून बेजार व्हायचा आणि कुणीतरी माझ्या टेबलाकडं बोट दाखवून म्हणायचं, "मॅडमकडं द्या, मॅडम बघतील." आता तिथं सगळे दिवस दुसऱ्या प्रकारचे झालेत. चहा गरम मिळतो, पण त्याला चव नाही म्हणे.

नाना म्हणजे आमच्या भागाचे आमदार. नाव मुरलीधर, पण त्या नावानं त्यांना फक्त विधानसभेतच हाक मारत असावेत. मी तेव्हा पाथर्डीला पंचायत समितीच्या शिक्षण विभागात लिपिक. आमदार आणि लिपिक यांचा संबंध यायचं तसं काही कारण नाही. आमचा आला तो उत्तरांमुळं.

लोकांना वाटतं, आमदार सभागृहात प्रश्न विचारतो आणि मंत्री उत्तर देतो. मंत्री फक्त वाचतो हो. प्रश्न मुंबईहून पुण्याला येतो, पुण्याहून नगरला, आणि नगरहून 'अतितातडीचे' असा शेरा डोक्यावर घेऊन माझ्यासारख्या कुणाच्या तरी टेबलावर उतरतो. तिथं जे लिहिलं जाईल तेच सह्या घेत घेत पुन्हा वर चढतं. प्रश्नाचा साचाही ठरलेला. एक, अमुक होत नाही हे खरे आहे काय? दोन, असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली? तीन, केली नसल्यास विलंबाची कारणे काय? यातली कला अशी, की पहिल्याला "हे खरे नाही" असं ठोकून द्यायचं. मग दुसऱ्या-तिसऱ्याला "प्रश्न उद्भवत नाही" एवढ्यावर भागतं. या कलेत माझा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. साहेब मला कौतुकानं म्हणायचे, "मॅडम, तुमच्या उत्तराला कुठून पकडावं तेच कळत नाही." मला तेव्हा ते कौतुक वाटायचं, हे आज सांगताना लाज वाटते.

नाना आमदार होण्याआधी दूध संकलन केंद्रावर होते. रोज दोन वेळा रांगेत उभ्या राहिलेल्या कॅनमधलं दूध काढायचं, फॅट लावायची, आणि पाणी घातलेलं असेल तर घालणाऱ्याच्या तोंडावर सांगायचं. सख्ख्या मेव्हण्याचं दूध त्यांनी एकदा परत पाठवलं होतं, आणि बायको त्यावरून बरेच दिवस बोलत नव्हती म्हणे. निवडून आले तेही दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणून. दोन मोठी घराणी एकमेकांना पाडण्यात गुंतली आणि मधून हा दूधवाला निघून गेला. लोक हसले. नानाही हसले. म्हणाले, "चुकून आलोय, तर निदान इचारून तरी जातो."

सरकारी कागद वाचायची त्यांची रीत दुधाचीच होती. कागद हातात घ्यायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा, डोळ्यांजवळ नेऊन एकदा वाचायचा आणि म्हणायचं, "फॅट न्हाई याला." किंवा क्वचित, "हां, याला हाय थोडी." प्रश्न लिहायचे ते शिसपेन्सिलीनं. आमदाराच्या खिशाला चांगलं पेन असावं असं कुणी सुचवलं, तर म्हणाले, "मंत्र्याला पेन शोभतं. त्याला खोडायचं नसतंय. आपल्याला खोडता आलं पायजे." खिशात भाजलेल्या शेंगा असायच्या. दाणे खायचे आणि टरफलं दुसऱ्या खिशात. आमच्या कार्यालयात आले की साहेबांच्या खोलीत कधी जायचे नाहीत. बाहेर कामासाठी ताटकळलेल्या लोकांच्या बाकड्यावर बसायचे. साहेब दारात येऊन "आत चला ना, नाना" म्हणून अजिजी करायचे, आणि नाना म्हणायचे, "आत काय कळतंय? बसू द्या की हितंच." तासाभरात त्या बाकड्यावरून त्यांना जे कळायचं, ते आमच्या दहा अहवालांत नसायचं.

एस.टी.नं फिरायचे. गाडी होती, पण ती पोरगा वापरायचा. एकदा नगरच्या गाडीत आमदारांसाठी राखीव असलेल्या सीटवर जाऊन बसले. कंडक्टर नवा होता. त्यानं धोतर-टोपीकडं पाहिलं आणि खेकसला, "ओ बाबा, उठा. ती आमदाराची शीट हाय, वाचता येतंय का?" नाना उठले आणि दांड्याला धरून उभे राहिले. पुढच्या थांब्यावर एका शाळेचे मुख्याध्यापक चढले, त्यांनी "नाना, उभे का?" म्हणून विचारलं तेव्हा कंडक्टरचा चेहरा पाहण्यासारखा झाला असणार. नाना त्याला म्हणाले, "तुझं बरोबर हाय बाबा. आमदार इथं कवा बसलेला तू पाह्यला न्हाईस, त्याला तू काय करशील?" हे मला त्या कंडक्टरनंच सांगितलं. पुढं तो नानांचा इतका भक्त झाला, की कुठल्या गावाची फेरी रद्द झाली हे आगारप्रमुखाच्या आधी नानांना कळायला लागलं.

पण नानांची खरी रीत वेगळीच होती, आणि ती मी दुसऱ्या कुठल्याही आमदारात पाहिली नाही. प्रश्न लिहून झाला की तो मुंबईला पाठवण्याआधी, ज्या गावचा असेल त्या गावात जाऊन मोठ्यानं वाचून दाखवायचे. देवळापुढं, शाळेच्या पायरीवर, असेल तिथं. ऐकणाऱ्याला कळला नाही तर खोडायचे. "मंत्र्याला कळो न कळो," म्हणायचे, "ज्याचा हाय त्याला तरी कळू द्या."

असाच एक प्रश्न त्यांनी वरच्या वाडीत वाचला. पाथर्डीच्या डोंगराकडची ही वाडी दिवाळीनंतर रिकामी होते. नवरा-बायकोच्या जोड्या ऊस तोडायला जातात, टोळ्या करून, ट्रॅक्टर भरून, थेट उन्हाळा तोंडावर येईपर्यंत. पोरंही बरोबर जातात, कारण मागं ठेवायची कुणाकडं? त्यासाठी सरकारची योजना आहे, हंगामी वसतिगृहाची. पोरांनी गावातच आजी-आजोबांकडं राहायचं आणि दोन वेळचं जेवण शाळेत मिळायचं. कागदावर योजना उत्तम. वाडीत ती कधीच सुरू झाली नव्हती, आणि का झाली नाही हे कुणाला ठाऊक नव्हतं. शाळेत पोरं आहेत, हे तर सगळ्यांना दिसत होतं.

नानांनी पायरीवर उभं राहून वाचायला सुरुवात केली, "स्थलांतरित ऊसतोड कामगारांच्या पाल्यांसाठी..."

"पाल्य म्हंजी?" गयाबाईनं विचारलं. गयाबाई म्हणजे वाडीतली म्हातारी. दोन मुलं, दोन सुना आणि चार नातवंडं दरवर्षी उसाला जायची. तिच्या गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून ती एकटी मागं राहायची.

"लेकरं," नाना म्हणाले आणि पेन्सिलीनं खोडलं.

"मग लेकरं म्हना की. आन् काय इचारनार तुमी?"

"पैसा मंजूर असताना वाडीला वसतिगृह का मिळत न्हाई, असं इचारनार."

गयाबाई हसली. "ह्यात इचारायचं काय हाय? समद्या टोळ्या गेल्या की मग येत्यात मोजायला. बॅटरी लावून हुडकलं तरी लेकरू घावंल का तवा?"

नाना तिथंच पायरीवर बसले म्हणे. इतक्या वर्षांत ही साधी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. सर्वेक्षणाचा आदेश वरून निघायचाच उशिरा. आमचे लोक वाडीत पोचायचे तेव्हा घरांना कुलपं. मग तक्त्यात शून्य. शून्य म्हणजे गरज नाही, गरज नाही म्हणजे वसतिगृह नाही, आणि वसतिगृह नाही म्हणून पुढच्या वर्षी पोरं पुन्हा ट्रॅक्टरमध्ये. नानांनी जुना प्रश्न पुसून नवा लिहिला. टोळ्या गेल्यानंतर सर्वेक्षण केले जाते, हे खरे आहे काय?

तो प्रश्न माझ्या टेबलावर आला.

मी तक्ता काढला. वाडीपुढं शून्य होतं, आणि ते माझ्याच हातचं होतं. सर्वेक्षणाची तारीखही समोर होती. साहेब म्हणाले, "नेहमीप्रमाणं." मी लिहिलं: "हे खरे नाही. सर्वेक्षणात सदर वाडीत एकही विद्यार्थी आढळून आला नाही. प्रश्न उद्भवत नाही." माझं बालपण अशाच एका वाडीत गेलं. आम्ही दोघी बहिणी. मोठीला आई-बापांनी उसाला नेलं, धाकट्या भावाला सांभाळायला. मी आजीजवळ राहिले. बहिणीच्या हातात कोयता आला आणि माझ्या हातात हे पेन. हे सगळं माहीत असून मी ते लिहिलं.

हिवाळी अधिवेशनात तो प्रश्न लागला, तेव्हा थेट प्रक्षेपण बघायला आम्ही सगळे मोबाईलभोवती गोळा झालो होतो. मंत्र्यांनी माझं उत्तर काना-मात्रेसकट वाचलं. नाना उठले. "अध्यक्ष महोदय, सर्वेक्षण कोणत्या महिन्यात केलं, एवढंच सांगा."

"योग्य वेळी केलं आहे," मंत्री म्हणाले.

"तवा टोळ्या गावात हुत्या का?"

"विद्यार्थीच आढळले नाहीत तर सरकार वसतिगृह कुणासाठी उघडणार?" मंत्री हसत म्हणाले, आणि कुठूनतरी आवाज आला, "प्रश्न उद्भवत नाही!" सभागृह खो खो हसलं. नाना काहीतरी बोलत होते, पण पुढचा प्रश्न पुकारला गेला होता. आमच्या कार्यालयातही कुणीतरी टाळी वाजवली. माझ्या पाठीवर साहेबांची थाप पडली. माझ्या मात्र डोळ्यांपुढून नानांचं ते उभं राहणं हलेना. बोट वर केलेलं, तोंड उघडं, आणि माईक बंद केलेला.

अधिवेशन संपल्यावर ते आले, आणि नेहमीप्रमाणं बाकड्यावर बसले. मी पाण्याचा ग्लास घेऊन गेले, खरं तर तोंड चुकवता येईना म्हणून. बोलतील, चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "ताई, ते उत्तर तुमी लिवलं व्हय?"

"हो, नाना."

"अक्षर न् अक्षर बरोबर हाय. आमाला कुटंच धरता आलं न्हाई." मग खिशातून मूठभर शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या. "मी माझा प्रश्न वाडीत वाचून दाखवतो. तुमचं उत्तर बी एकदा वाचून दाखवू. चला, याल?"

नाही म्हणायचं धाडस झालं नाही. साहेबांना आमदारांपुढं मला अडवायचं धाडस झालं नाही. जीपनं आम्ही वाडीत गेलो. शाळेला कुलूप, घरांना कुलपं, एक कुत्रं उन्हात पडलेलं. गयाबाई ओट्यावर बसली होती. नाना म्हणाले, "गयाबाई, सरकारचं उत्तर आलंय. ह्या ताई वाचत्यात."

मी वाचलं. 'सदर वाडीत एकही विद्यार्थी आढळून आला नाही' हे वाक्य मी भरभर उरकलं. गयाबाईनं कानावरचा पदर मागं सारून नीट ऐकलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. ती माझ्याकडं पाहून मान हलवत म्हणाली, "खरं हाय माय. न्हाई आढळत. मलाबी न्हाई आढळत एक बी लेकरू. दिवस दिवस बसती बघत."

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला ते उत्तर मनापासून पटलं होतं, आणि हेच माझ्या जिव्हारी लागलं. परतल्यावर स्टँडजवळ उतरताना नाना म्हणाले, "मी पुन्हा इचारनार हाय हां, ताई."

मार्चमध्ये, अर्थसंकल्पीय अधिवेशनात, तोच प्रश्न पुन्हा आला. साहेब म्हणाले, "मागच्याची प्रत काढा." मी प्रत काढली नाही. नवीन कागद लावला आणि लिहिलं: "होय, हे खरे आहे." खाली सर्वेक्षणाची तारीख टाकली, टोळ्या निघाल्याची टाकली, आणि पुढच्या हंगामाचं सर्वेक्षण दसऱ्याआधी घेण्याचे प्रस्तावित आहे, असंही ठोकून दिलं. प्रस्तावित कुणी केलं होतं? मीच, तेव्हाच. कागद सहीला ठेवला. माझ्या उत्तरात "हे खरे नाही" असणारच, याची साहेबांना इतकी खात्री होती की त्यांनी न वाचता सही केली. नगरवाल्यांनी साहेबांची सही पाहून केली, पुण्याच्यांनी नगरची पाहून. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, पण ते उत्तर आठ दिवसांत मंत्र्यांच्या हातात पोचलं. वाटेत कुणीच वाचलं नाही ना!

मंत्र्यांनी सभागृहात सवयीनं वाचायला घेतलं. "होय, हे खरे आहे," म्हणाले आणि थबकले. अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडं पाहिलं. मग, आता वाचून झालंच आहे म्हणून, पुढचंही वाचलं. अध्यक्षांनी नानांना विचारलं, "उपप्रश्न?" नाना उभे होते. हातात पेन्सिलीनं लिहिलेला भलामोठा कागद. सगळे उपप्रश्न "हे खरे नाही" याच्यावर बेतलेले. त्यांनी कागद खालीवर केला, चष्मा कपाळावर नेला, पुन्हा खाली आणला. आयुष्यात कधी "होय" न मिळालेल्या माणसाला ते कुठं ठेवावं हेच सुचेना. शेवटी म्हणाले, "उपप्रश्न न्हाई. उत्तराला फॅट हाय, अध्यक्ष महोदय," आणि बसले. सभागृहाला काही कळलं नाही. मी मोबाईल टेबलावर उपडा ठेवला आणि पदरानं डोळे पुसले.

व्हायचं ते झालं. माझी बदली पारनेरला झाली, एका कागदानं, कारण न देता. नाना ती रद्द करायला मुंबईला जाणार होते. मीच नको म्हटलं. पण सभागृहात दिलेला शब्द सरकारला गिळता येईना. त्या वर्षी दसऱ्याआधी सर्वेक्षण झालं, आणि वाडीच्या शाळेत चूल पेटली, टोळ्या निघायच्या आधी.

टोळ्या निघाल्या आणि पाठोपाठ निवडणूक आली. नानांना मत देणारे बहुतेक उसाच्या फडात होते. दुसऱ्यांनी आपापली माणसं गाड्या पाठवून आणली. नानांकडं गाड्याही नव्हत्या आणि तसा विचारही नव्हता. ते पडले. निकालानंतर त्यांचा फोन आला होता. आवाजात खंत नव्हती, उलट माझ्या पारनेरच्या खोलीला पाणी येतं का, याचीच चौकशी जास्त. संक्रांतीनंतर ते आजारी पडले, आणि टोळ्या परतायच्या आत गेले. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. म्हणून माझ्या मनात त्यांचं शेवटचं दर्शन त्याआधीचं आहे, टोळ्या निघाल्या त्या दिवसाचं.

मी मुद्दाम रजा काढून वाडीत गेले होते. इतक्या धडपडीनं मिळवलेलं ते वसतिगृह डोळ्यांनी पाहायचं होतं. निवडणूक तोंडावर, उमेदवार गावोगाव पळत होते, आणि नाना वाडीच्या रस्त्यावर सकाळपासून उभे होते. ट्रॅक्टरला ट्रॉल्या जोडलेल्या, त्यात भांडी, कडबा, कोंबड्या, बिछाने. एक मुकादम वरून ओरडला, "नाना, तुमची मतं चालली की वं ट्रॅक्टरमंदी!"

"जाऊ द्या," नाना म्हणाले. "लेकरं ऱ्हायली ना."

लेकरं राहिली होती. शाळेच्या पायरीवर ओळीनं बसवलेली, नवी ताटं हातात. ट्रॅक्टर सुरू झाला आणि गयाबाईची धाकटी नात, दुसरीतली, ताट टाकून धावत सुटली. "आयेऽ, मला न्ये! मला न्ये की गं!" नानांनी तिला वाटेत उचललं. ती त्यांच्या खांद्यावर गुद्दे मारत होती, चावत होती. ट्रॉलीतल्या आईनं तोंड पदरात लपवलं. एकदाही मागं पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर उतरलीच असती. धूळ खाली बसली तरी पोरीचं रडणं थांबेना. नानांची टोपी पडली होती. पोरगी तशीच कडेवर धरून ते माझ्याकडं वळले. इतक्या मंत्र्यांना प्रश्न विचारून ज्यांचा आवाज कधी कापला नव्हता, तो तेव्हा कापला.

"ताई," ते म्हणाले, "हे बरं केलं ना आपण?"

साऱ्या वाडीत या प्रश्नाचं उत्तर ठाऊक असलेली मी एकटीच होते. मीही अशीच धावले होते ट्रॅक्टरमागं. ते रडणं किती दिवस टिकतं, कधी थांबतं, आणि थांबल्यावर माणूस पुढं काय काय वाचायला शिकतं, हे मला सांगता आलं असतं. नाना वाट पाहत होते, पोरीला थोपटत. मी खाली वाकले, त्यांची टोपी उचलली, झटकली आणि त्यांच्या हातात दिली. "होय" म्हणायचं तेवढं राहून गेलं.